कापडाच्या मागच्या बाजूने

शिरगाव, ३ मार्च १९६६

रामनाथ,

आशीर्वाद. रागात दिलेलाही लागतो म्हणतात, म्हणून देऊन ठेवते.

तुझं कार्ड शाळेच्या पत्त्यावर मिळालं. घरच्या पत्त्यावर पाठवत नाहीस, पण त्याने काही फरक पडत नाही. पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग शेजारी पंढरीच्या ओट्यावर टेकतो आणि मग माझ्या शाळेत येतो. तू काढलेली हलती चित्रं सरकारी प्रचारगाडीतून आपल्या गावात येणार, हे मला सोडून सगळ्या शिरगावाला आधी कळलं. तात्यांनाही. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "गाडी कधी येती?" कसली गाडी ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आपल्या घरात अर्धं बोलणं असंच चालतं.

मला मात्र दुसरंच लिहायचं आहे. तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामावर डोंगरातली माणसं येऊन राहिली आहेत. त्यांच्या मुलींसाठी बोईसरला वसतिगृह निघतंय. तिथे राहून मुली सांभाळायला आणि शिकवायला बाई हवी आहे. मला विचारलंय. जूनमध्ये शाळा उघडताना हजर व्हायचं. दिवसरात्र तिथेच राहायचं, शिरगावहून ये-जा चालणार नाही.

मला जायचं आहे. हे वाक्य मी अजून कोणाजवळ बोललेली नाही. चौतीस वर्षांची झाले. आई गेल्यापासून या घरात मी लेक आहे, सून आहे, गडी आहे आणि तुझं टपालखातंही आहे. मी दमले आहे रे. झोपून जाईल असा हा थकवा नाही.

पण तात्यांना कोणावर टाकून जाऊ? त्यांचा उजवा हात आपण जन्मायच्या आधीच रहाटाच्या दात्यांनी खाल्ला. तो कोपरात मुडपून छातीशी धरायचा आणि सगळं डाव्याने करायचं, यात त्यांचा जन्म गेला. आता डावाही कुरकुरतो. पहाटे रेडा रहाटाला मी जुंपते, पानवेलींना पाणी मी लावते आणि तशीच हात धुऊन शाळेत जाते. रखमा आत्या आहे, पण तिचे गुडघे तिला चुलीपासून ओट्यापर्यंत आणतात हेच पुष्कळ. गडी ठेवावा तर तात्या त्याला चार दिवसांत पळवून लावतात. पानाला कोणी चुकीचं बोट लावलं तरी त्यांच्या जिवाला लागतं.

तू ये. कायमचा ये असं मी म्हणत नाही. महिन्यातून दोन-तीन दिवस ये, वाडीचं बघ, गड्याला समजाव, तात्यांना समजाव. पण त्यासाठी आधी तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, आणि घोंगडं तिथेच भिजत पडलंय. तुझा विषय काढला की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, "माझ्या पानवाडीत वहाणा घालून शिरला तो. आता घरात अनवाणी आला तरी मला नको हाय."

चार वर्षं झाली त्याला. मुंबईला चित्रं काढायची नोकरी लागली म्हणून भांडायला तू वाडीत शिरलास आणि पानवेलीला वहाणांचा विटाळ चालत नाही हे माहीत असून रागाच्या भरात पायाकडे बघितलं नाहीस. त्याच महिन्यात वेली काळ्या पडल्या. मी तात्यांना म्हटलं होतं, पंढरीच्याही वेली गेल्या, त्याच्या वाडीत कोण वहाणा घालून गेलं होतं? तर म्हणाले, "रोग आपल्याकडनं तिकडं गेला."

तुझी,
ताई


शिरगाव, १४ मार्च १९६६

रामनाथ,

काल गाडी आली. शाळेच्या पटांगणात झेंड्याच्या खांबाच्या आणि आंब्याच्या मधे कापड बांधलं. पुरुष पुढे बसले, आम्ही बायका नेहमीसारख्या कापडाच्या मागे. तुमच्या मुंबईत हे ऐकून हसतील. पण पुढच्या बाजूला दिसतं ते मागेही दिसतं, फक्त उलटं. अक्षरं उलटी येतात, तेवढं सोडलं तर आमचं काही अडत नाही. मागे वारा चांगला लागतो आणि पुरुषांच्या विड्यांचा धूर येत नाही.

आधी डासाचं कार्टून दाखवलं. एक जाडा माणूस आणि एक डास. माणूस डबक्यावर तेल ओततो, मच्छरदाणी लावतो आणि शेवटी डास मरतो. सगळ्या गावाने डासाची बाजू घेतली. डास मेला तेव्हा पोरांनी असा हंबरडा फोडला की गाडीवाल्याला वाटलं, मशिनीत कोणाचा हात गेला.

मग तुझं आलं. तुझं नाव शेवटच्या ओळीत होतं, मी ते उजवीकडून डावीकडे वाचलं. दोघींनी धरून आणलेल्या आत्याला दाखवलं. तिला सरळही वाचता येत नाही, तरी म्हणाली, "दिसलं, दिसलं."

चांगलं केलंयस. उगाच तोंडदेखलं म्हणत नाही. म्हाताऱ्याच्या विहिरीचं पाणी खारट होतं आणि तो शेजाऱ्यावर संशय घेतो. दोघं एकाच बादलीला धरून ओढतात आणि त्यांचे हात शेवग्याच्या शेंगांएवढे लांब होतात, तिथे बायका पोट धरधरून हसल्या. मग तो काठी घेऊन समुद्राला मारायला जातो. लाट त्याचं पागोटं नेते आणि परत आणून देते ती आत खेकडा घालून. मग गाव त्याला सांगतं, आपला बांध फुटलाय म्हणून खारं पाणी येतंय, एक पाटी माती घेऊन ये. हा गावाच्या तोंडावर दार लावतो. शेवटी एकटाच विहिरीत वाकतो, आपल्याच सावलीशी भांडतो. हा बोट दाखवतो, ती बोट दाखवते. हा दगड मारतो, ती फुटते आणि पुन्हा जुळते. दमून हा खाली बसतो तर तीही बसते. मग उठून मातीची पाटी घेतो आणि बांधावर जातो. सरकारला म्हणायचं होतं की बांध सगळ्यांनी मिळून सांभाळा. ते शेवटच्या क्षणात म्हणून टाकलंस, तेही बरं केलंस.

मला तुझं जुनं पत्र आठवलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात लिहिलं होतंस की तुमचे साहेब शिकवतात, भांडणाशिवाय गोष्ट नाही, आणि भांडणं चार जातींची. माणसाचं माणसाशी, माणसाचं निसर्गाशी, माणसाचं गावाशी आणि माणसाचं स्वतःशी. या एका कार्टूनात तू चारही कोंबलीस. म्हणून आज मी चौथीच्या वर्गात तोच धडा घेतला. फळ्यावर चार रकाने पाडले आणि विचारलं, डासाचं भांडण कोणत्या रकान्यात? अर्धी मुलं म्हणाली निसर्गाशी. बाकीची म्हणाली माणसाशीच, कारण डास माणसासारखा मिशीवर ताव देत होता. एवढा वाद मी आमच्या शिक्षकांच्या सभेतही ऐकलेला नाही.

आणि म्हाताऱ्याचं सगळ्यांत मोठं भांडण कोणतं विचारलं, तर सगळी एका सुरात ओरडली, "खेकड्याशी!"

एक ठमी म्हणून पोर आहे, तिने विचारलं, "बाय, त्या म्हाताऱ्याच्या घरात दुसरं कोन नाय? ह्यो भांडतो तर त्याला जेवाया कोन देतं?" मी म्हटलं, ते चित्रात दाखवलेलं नाही. तुझ्या साहेबांना सवडीने विचार, भांडणाची पाचवी जात असते का. दोघं भांडतात आणि तिसरं माणूस मधे उभं राहून दमतं, तिला काय म्हणतात?

तात्या आले होते. डोकं दुखत होतं म्हणून जरा लवकर घरी गेले. बाकी ठीक.

ताई


शिरगाव, १७ मार्च १९६६

रामनाथ,

मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं. तुझं कौतुक लिहिताना बाकीचं लिहवेना. पण पंढरीचा भाचा मुंबईला असतो, तुला तिखटमीठ लावून त्याच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तात्यांचं डोकं दुखत नव्हतं.

ते पुढे बसले होते, पहिल्या ओळीत. पंढरीच्या बायकोने मला नंतर सांगितलं की त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, आणि ते मला घरात दिसलंच नव्हतं. म्हातारा पडद्यावर आला. उजवा हात मुडपून छातीशी, सगळं काम डाव्या हाताने. बादली डाव्याने, काठी डाव्याने, पागोटंही डाव्यानेच. पंढरी ओरडला, "आरं, ह्यो तर आपला तात्या!" मग काय विचारतोस! बादलीच्या ओढाओढीला बायका हसल्या असं मी लिहिलं ना? पुढे लोक तात्यांना हसत होते. आम्हाला मागे फक्त हसू ऐकू आलं, आम्हीही हसलो.

तात्या विहिरीपर्यंत थांबलेच नाहीत. काठी आपटून उठले आणि मशिनीच्या उजेडातून चालत गेले. कापडावर त्यांची सावली पडली तशी पोरं आणखी हसली.

मी घरी आले तर ते ओट्यावर बसलेले. मला म्हणाले, "बापाला पडद्यावर नाचवून पोट भरतो. वहाणा घालून वाडीत शिरला तेव्हा बघाया एक मी होतो. आता सगळ्या गावासमोर माझ्या डोक्यावरनं चालला. त्याला कळव, माझं त्याचं संपलं. आन् तू बी त्याला लिहायचं नाय."

तेव्हा आत्या आतून आली. भिंतीला धरत धरत. मी तिला कधी तात्यांसमोर आवाज चढवलेलं ऐकलं नाही, भाऊ म्हणजे तिचा देव. पण म्हणाली, "तात्या, कायतरीच काय बोलतोस! तो म्हातारा तू नव्हताच. त्याचा डावा हात मुडपलेला व्हता. तो आपला रामनाथ."

तात्या म्हणाले, "आंधळी झालीस. उजवा व्हता."

"डावा. मी दोन डोळ्यांनी बघितला. रामनाथ पाटीवर चित्र काढाया बसला की डावा हात काखेत घालायचा, तसाच."

दोघं भांडत बसले. साठी उलटलेली दोन माणसं, उजवा की डावा यावर. मला आधी हसू आलं आणि मग ते थांबलं, कारण मीही आत्याशेजारी बसले होते आणि मलाही तूच दिसला होतास. मी मागच्या पत्रात तुला ते लिहिलं नाही, कारण माझं मलाच नीट उमगलं नव्हतं. विहिरीत वाकलेला तो म्हातारा बघताना मला वाटत होतं की माझा भाऊ मुंबईत एकटा बसून म्हातारा होतोय.

तू लहानपणी तात्यांच्या समोर बसून त्यांची नक्कल करायचास. त्यांचा उजवा मुडपलेला, म्हणून समोर बसलेल्या तुझा डावा. आई रागवायची, धडधाकट हात कशाला लुळा करतोस म्हणून. ती खोड तुझी गेली नाही. चित्र काढताना गेली नाही, जेवताना गेली नाही.

आता मला सरळ सांग. तो म्हातारा कोण आहे? तात्यांना हसायला तू तो काढला असशील तर तेही लिही. मी त्यांना वाचून दाखवणार नाही, पण मला कळलं पाहिजे. बोईसरच्या लोकांना एप्रिल संपायच्या आत हो-नाही सांगायचं आहे. तुम्ही दोघं असेच राहणार असाल तर मी त्यांना उगाच लटकवून ठेवणार नाही.

ताई


शिरगाव, ५ एप्रिल १९६६

रामनाथ,

तुझं पत्र आलं. या वेळी पाकीट होतं, म्हणून पोस्टमनचा विरस झाला.

मी ते तीनदा वाचलं. तुमच्या टेबलावर प्रत्येकाला आरसा असतो हे मला नवीन. चित्रात राग काढायचा तर आधी आपण रागावून आरशात बघायचं आणि दिसेल ते कागदावर उतरवायचं, हीही तऱ्हाच म्हणायची. तू लिहितोस, साहेबांनी हट्टी म्हातारा मागितला, आणि हट्टी म्हणून डोळ्यांसमोर एकच माणूस आला. "पण आरशासमोर बसून त्यांच्यासारखा राग आणायला लागलो, तर तो मला आधीच येत होता, शिकावा लागला नाही. माझाच डावा हात काखेत गेला, आणि आरशातल्या माणसाचा उजवा."

पुढे लिहितोस, "ताई, विहिरीच्या प्रसंगाला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले. वरचा कोण आणि पाण्यातला कोण, हे माझं मलाच ठरवता येईना."

हे पत्र मी तात्यांना वाचून दाखवलं. लिहायचं नाही म्हणाले होते, वाचायचं नाही असं म्हणाले नव्हते. ते पानांच्या कवळ्या बांधत होते, बांधतच राहिले. शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "किती दिवस बसला व्हता त्या हिरीवर?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. मग त्यांनी कवळी सोडली आणि पुन्हा बांधली. चांगली बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते आरशासमोर फार वेळ उभे होते. फेस गालावर वाळून गेला. आत्या मला खुणेने म्हणाली, बघ. मी बघितलं आणि वळून रेड्याला वैरण टाकायला गेले. आशा धरायचंही माझ्यात त्राण नाही आता.

कारण पत्राच्या खाली तू काय लिहिलंयस? "तात्यांनी बोलावलं तर मी उद्या येतो." आणि मी तात्यांना म्हटलं, बोलवा त्याला, तर काय म्हणतात? "त्याला यायचं तर विचारील तो. माझं काय अडलंय?" सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, दोघांचाही. तू म्हणतोस बोलवा, ते म्हणतात विचार. मधे माझं कापड ताणून बांधलंय. पुढून एकाने बघायचं, मागून दुसऱ्याने, आणि कापडाला कोणी विचारायचं नाही की वाऱ्याने तुझं काय झालं.

मला तुमचा दोघांचा राग येतो. प्रेमही येतं, त्याचाच राग येतो.

बोईसरला मी नाही म्हणून सांगणार आहे. या महिन्याच्या अखेरीस पालघरला जायचंय, तेव्हा तसंच पुढे बोईसरला जाऊन सांगीन. तुला दोष देत नाही. थकलं की माणूस सोपं ते करतं.

तात्यांनी रात्री जेवताना विचारलं, "ती गाडी आता कुठं गेली?" मी म्हटलं, एडवणला आहे, मग माकुणसारला जाईल. त्यांनी ताटात बघतच मान हलवली.

ताई


शिरगाव, २५ एप्रिल १९६६

रामनाथ,

बसून सावकाश वाच. मीही आज सावकाश लिहितेय.

शनिवारी सकाळी तात्या म्हणाले, "माकुणसारला पुष्पलताकडं जाऊन येऊ. बरेच दिवस झालं." आत्याची पुष्पलता तिथे दिली त्याला नऊ वर्षं झाली, बारशालासुद्धा तात्या गेले नव्हते. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तात्यांनी धुतलेलं धोतर बाहेर काढलं आणि आत्यासाठी पंढरीची बैलगाडी मागितली.

संध्याकाळी माकुणसारच्या शाळेपुढे कापड लागलं. जावईबापूंनी तात्यांसाठी पुढे खुर्ची ठेवली. पाहुणे ना! तात्या खुर्चीपर्यंत गेले, तिच्यावर हात ठेवला, आणि मग काठी टेकत कापडाला वळसा घालून मागे आले. आमच्यात. बायकांमध्ये.

अरे, काय गोंधळ उडाला! कोणी पदर सावरले, कोणी हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "आवो, बाप्ये तिकडं बसलेत. इकडं आमी बायका हाय." तात्या म्हणाले, "म्हाईत हाय. सरका जरा." आणि माझ्या नि आत्याच्या मधे मांडी घालून बसले. पुढून जावईबापू हाका मारतायत, तात्या ऐकतच नाहीत. ज्या माणसाने आयुष्यात कधी चुलीजवळ पाट मांडला नाही, तो साठ-सत्तर बायकांत बसलेला मी बघितला. मला लाज वाटली नाही. मला रडूच आलं, पण अंधार होता.

डासाचं झालं. माकुणसारही डासाच्याच बाजूचं निघालं. मग तुझं सुरू झालं. उलट्या अक्षरांकडे बोट दाखवून मी म्हटलं, हे त्याचं नाव. तात्यांनी ते सरळ नावासारखंच नीट बघून घेतलं.

म्हातारा आला. बादली उजव्या हातात. डावा हात मुडपून छातीशी.

शेजारी भांडला, समुद्र झाला, खेकडा झाला, पुढे पुरुष हसले, मागे बायका हसल्या. तात्या हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. विहीर आली. म्हातारा वाकला, बोट दाखवलं, खालच्यानेही दाखवलं. दगड मारला, पाणी फुटलं, पुन्हा जुळलं. तेव्हा तात्यांनी माझा हात धरला, आपल्या त्या लुळ्या हाताने. चौतीस वर्षांत त्या हाताने त्यांनी मला कधी धरलेलं मला आठवत नाही. बोटं नाहीतच, नुसता तळवा. म्हणाले, "जया, ह्यो आपला रामनाथ हाय."

आत्या म्हणाली, "मी काय सांगत व्हते?"

तात्या म्हणाले, "गप. बघू दे."

म्हातारा दमून बसला, तेव्हा तात्याही दमल्यासारखे दिसले. पाटी घेऊन तो बांधावर गेला आणि चित्र संपलं. गाडीवाला कापड सोडायला आला तरी तात्या उठेनात. शेवटी मला विचारलं, "मुंबईला हा असाच एकटा बसतो?" मी म्हटलं, मला माहीत नाही, तुम्हीच विचारा. पहिल्यांदाच मी मधून बाजूला झाले. तोंडातून ते निघून गेलं आणि इतकं हलकं वाटलं की मला माझंच नवल वाटलं.

काल घरी आलो. तात्या तडक वाडीत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून बघायला गेले, तर डाव्या हाताने एक चपटा दगड लोटत लोटत आणत होते. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." वाडीच्या तोंडाशी, पांगाऱ्याच्या खाली तो बसवला, पायाने दाबून हलतो का बघितलं. मग मला म्हणाले:

"त्याला लिही. वहाणा हितं काढायच्या. जागा केलीय."

एवढंच. मी म्हटलं, आणखी काही लिहू? म्हणाले, "येवढं पुरे. शहाणा असंल तर समजंल."

मी त्यांना तिथेच सांगितलं, वेलींच्या सावलीत, की मी जूनमध्ये बोईसरला जाणार आहे. राहायला. रामनाथ आला तरी आणि नाही आला तरी. वाटलं, आता आभाळ कोसळणार. तात्यांनी वेलीचं एक पान उलटून बघितलं, कीड आहे का ते. म्हणाले, "मुली कुणाच्या हायत?" मी सांगितलं, डोंगरातल्या, कामावर आलेल्यांच्या. म्हणाले, "त्यांना पानवेल लावाया शिकव. तुझ्या शाळेत काय नुसतं वाचायाच शिकवतात."

तुझ्या साहेबांना पाचव्या जातीचं विचारू नकोस आता. मला उत्तर नको आहे. पुढचं पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवू नकोस, तात्यांच्या नावाने पाठव. त्यांना वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढ. मी वाचून दाखवायला नसेन.

येताना नव्या वहाणा घालून येऊ नकोस. पालघरहून एस.टी. चुकली तर चालत यावं लागतं आणि नव्या चावतात.

तरी काल माझा पाय घुटमळत होता. वाडीतून निघताना मी तात्यांना पुन्हा विचारलं, तो नाहीच आला तर पहाटे रेडा कोण जुंपणार? ते दगडावरची माती हाताने झटकत होते.

म्हणाले, "तू जा. तो येल."

ताई